ताट्यांचे दिवस

मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत
मी दुसऱ्यांच्या खिडक्यांना लटकलेला असतो.
ताटी काढतो, गेल्या सालचं कुजकं गवत उपसतो,
वाळा भरतो, पंपातला चुना खरवडतो,
आणि आत बघायचं नाही असं ठरवून
आत बघतो.

रामदासपेठेत, तिसऱ्या माळ्यावर, एक पोरगा.
टेबलावर सात रंगांचे हायलायटर.
त्याचं नाव कुठल्याशा कॉलेजच्या हजेरीपटावर आहे,
कॉलेज त्यानं एकदाच पाहिलं, फोटो द्यायला गेला तेव्हा.
बाकी सकाळी सहापासून क्लास.
दोन वर्षांचे साडेतीन लाख, त्याची आई म्हणाली,
आणि लगेच, दादा, भिंतीवर पाणी नका सांडू.

त्रिमूर्तीनगरात एका बाईनं बँक सोडली,
पोरीला घरीच शिकवते.
ती पोरगी माझ्या शिडीखाली येऊन उभी राहिली.
काका, गवतातून आल्यावर हवा गार का होते?
म्हटलं, होते.
तिनं थर्मामीटरला ओली चिंधी गुंडाळली,
वहीनं वारा घातला.
एकोणचाळीसचा पारा तेवीसवर उतरला माझ्यासमोर.
बत्तीस वर्षं मी हेच विकतोय.

रात्री जेवताना उत्पलाला सांगितलं,
घास हातात तसाच.
ती म्हणाली, हे तर लांजेवार बाईंनी नववीतच सांगतलं,
मडक्यावरून.
मग मले काऊन नाई सांगतलं?
तुमी इचारलं कुठं.

लांजेवार बाई मनपाच्या शाळेतल्या.
त्यांच्या वर्गाला मी एकदा जुना कूलर बसवून दिला होता.
तिसऱ्या दिवशी पंप चोरीला गेला,
आठव्या दिवशी पाण्याची टाकी.
पंखा मात्र कोणी नेला नाही, तो अजून फिरतो,
गरम हवा गरम हवेत ढकलतो.
परवा बाई घरी आल्या. इंदोऱ्यात, भर दुपारी, छत्री घेऊन.
म्हणाल्या, अकरावी सायन्स आपल्याकडेच ठेवा तिचं.
प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते,
उघडायला कारण मिळत नाही.

शेजारचा म्हणतो, सतरा नंबरचा फॉर्म भरा,
पोरगी घरी बसून मोबाइलवर शिकेल, खर्च शून्य.
घरी म्हणजे कुठे?
एका खोलीत आम्ही चौघं आणि चौदा कूलर.
उत्पला म्हणाली, घरी नको.
घरी तुमी मले पंप धरायले लावता.
हे तिनं पंप धरूनच सांगितलं.

वनमाला पावतीपुस्तकाच्या मागे हिशोब करते.
कळमन्याकडचा पाचशे फुटांचा तुकडा,
तिची सोन्याची पोत, माझा पुढचा हंगाम.
बेरीज करते, खोडते,
पुन्हा पहिल्यापासून करते,
जसं काही आकडे मधल्या वेळात वाढले असतील.

मी कोणाला न सांगता गेलो.
त्या पोराच्या क्लासमध्ये, एसीत.
तिथे कोणाला माझं काम पडणार नाही
हे आत शिरताच कळलं.
अकरा हजार भरले, जागा धरून ठेवायचे.
मुलगी कुठल्या शाळेची, काउंटरवरच्यानं विचारलं.
मी नाव सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं.

पावती खिशात राहिली,
त्याच दुपारी महालात एक टाकी अंगावर उलटली.

घरी आल्यावर ती मी
कूलरसमोर धरून वाळवत होतो, गुपचूप.
उत्पला मागून म्हणाली,
बाबा, ओल्या हवेत कागद वाळत नाई. बाहेर ठेवा.
हातातून घेतली. वाचली.
दारातल्या उन्हात ठेवली, वर पान्हा ठेवला.

चव्वेचाळीसमध्ये कितीसा वेळ लागतो.
कागद कडक झाला पापडासारखा.
शाई सगळी पसरलेली, तिचं नाव निळा डाग,
रक्कम दिसत नाही.
खाली छापलेलं तेवढं उरलं,
भरलेली रक्कम परत मिळणार नाही.

ती उंबऱ्यावरच बसली,
कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघत.
पेन आहे का, म्हणाली.
मी कानावरची पेन्सिल दिली.