घडीवरचं गाव

जानेवारीत, उणे एकतीसला,
गाडीचं इंजिन रात्रभर प्लगला बांधून ठेवलं
की विनिपेगमधली घरं जुलैची सुट्टी ठरवायला बसतात.
आम्हीही बसलो.

नकाशा टेबलभर पसरला, तरी उरला.
न्यूफाउंडलंड माझ्या मांडीवर लोंबत होतं,
चार कोपऱ्यांवर मीठ, केचप, पेरोग्यांचा वाडगा
आणि सासऱ्यांच्या कवळीची डबी.

आर्डन वितीने मोजतो.
त्याची एक वीत म्हणजे हजार किलोमीटर,
मागे मुलं असतील तर दोन दिवस,
मुलं भांडत असतील तर देव जाणे.
आम्ही बरोबर मधोमध राहतो,
म्हणजे सगळ्यांपासून सारखेच लांब.
दिवस मिळालेत दहा.
माझी बेकरीतली रात्रपाळी, त्याचा शाळेतला बॉयलर,
दोघांची रजा एका वेळी येते तेव्हा ग्रहण लागल्यासारखं वाटतं.

टेसला टोरांटो हवं,
"जिथे मला कुणी म्हणजे कुणीच ओळखत नाही."
ती पंधरा वर्षांची आहे.
कॉर्बिनला चर्चिलची अस्वलं.
तिकडे रस्ता जात नाही, फक्त आगगाडी,
आणि तिकिटाचा आकडा वाचून
आर्डन स्वतःच अस्वलासारखा पांढरा पडला.
त्याला डोंगर हवेत.
धान्याच्या कोठारापेक्षा उंच काही
त्याने लहानपणी पाहिलंच नाही.
मला समुद्र. कुठलाही. डावा किंवा उजवा.
सासरे म्हणाले, घरी राहिलं तर काय बिघडतं? पंखा आहे की.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
पेट्रोलला असतं.

साडेनऊला टेस दार आपटून गेली,
दहाला मी म्हटलं, मग नकोच कुठे,
आणि ते मला खरंच वाटत होतं.
तेवढ्यात कॉर्बिनने नकाशा उचलून दिव्यासमोर धरला
आणि त्याचं बोट आरपार गेलं.
आडवी घडी उभ्या घडीला मिळते तिथे
कागद झिजून भोक पडलेलं,
सुपीरियर सरोवराच्या वर, पूर्वेला, रुळांच्या काठी.
"इथे काय होतं?"

कुणालाच माहीत नव्हतं.
मग सासऱ्यांनी डबीवरचा हात काढला.
"अठ्ठावन्न साली एक हिवाळा
मी तिथे रुळांवरचा बर्फ उपसलाय.
काय बरं नाव त्याचं...
जेवण भिकार होतं."

एवढ्यावर आम्ही गेलो.

एक पंप, सात खोल्यांचं मोटेल,
त्यातल्या चार उघडणाऱ्या,
आणि कानामागे चावणाऱ्या काळ्या माश्या.
नोरीन शाबाक्वेने किल्ल्या देता देता विचारलं,
टायर फुटला का?
इथे मुद्दाम कुणी येत नाही.
तिच्या भिंतीवर देशाचा नकाशा होता,
त्यातही नेमकं हेच गाव नव्हतं.
चाळीस वर्षं वाट चुकलेली माणसं
"आपण आहोत कुठे?" म्हणत
त्याच जागी बोट टेकवत आली.
तिथे आता नुसता पांढरा ठिपका, गुळगुळीत.

तिने गावाचं नाव सांगितलं.
सासरे म्हणाले, हे नव्हे.
मग तिने आजीच्या तोंडचं नाव सांगितलं,
रूळ पडण्याआधीचं.
हेही नव्हे, म्हणाले ते,
आणि रात्रीचं सूप एक चमचा चाखून:
"पण जागा हीच."
नोरीन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

टेसला एकाच खडकावर सिग्नल मिळायचा.
दुसऱ्या दिवसापासून ती फोन न घेताच
तिथे जाऊन बसू लागली.

मोटेलमागे तळं होतं.
रात्री माशांच्या भीतीने डोक्यावर टॉवेल घेऊन
मी त्याच्या काठी उभी राहिले.
पलीकडचा काठ दिसत नव्हता.
तो किती लांब आहे,
हे मी कुणाला विचारलं नाही.
आर्डनने वीत उचलली होती,
मी ती हातात धरून ठेवली.