दोन हाफ

चोपडा स्टँडवर आज मी खाकीत नव्हते,
म्हणून पाणपोईवरच्या रमणबाईनं ओळखलं नाही.
हर्षलनं ओळखलं. त्याला फक्त एवढंच कळेना
की गाडीत चढून मी बसले कशी.
"मम्मी, ऊठ ना. तिकिटं फाड."

यावल गाडी. दगाभाऊंची ड्यूटी.
पास मी मुद्दाम घरी ठेवलेला,
मिसळणाच्या डब्याखाली.
"आंडोर कितला वरीसना शे?" दगाभाऊंनी विचारलं,
आणि डोळ्यांनीच सुचवलं, चार सांग, जाऊ दे.

माझ्यासमोर रोज कितीतरी आया
पोरांना चार वर्षांचं करतात.
मांडीवर दुमडून बसवतात,
पाय खाली लोंबत राहतात तरी.
मी म्हटलं, सहा पूर्ण.
पहिलीत नाव टाकलंय. हाफ द्या.
बायांना तर सरकारनंच हाफ केलंय.
तेव्हा दोन हाफ.

मशीननं कुर्रर करून जीभ काढली.
"दोन हाफ म्हणजे किती?"
"एक फुल."
तो खिडकीला चिकटला, हिशोब लावत राहिला,
मग म्हणाला,
"खिडकीकडचा अर्धा मी."

अडावदपर्यंत केळीच केळी.
उन्हानं चिरलेली पानं, बांधावर उभे ट्रक,
घड खांद्यावर घेऊन मान वाकडी केलेली माणसं.
चव्वेचाळीस अंशांत
गरम पाण्याच्या झऱ्याला कोण जातं?
रिक्षावाल्यानंही हेच विचारलं.
आम्ही जातो. उनपदेवला.
कारण मागच्या वर्षी मी कबूल केलं होतं,
त्याच्या मागच्या वर्षीही.

गोमुखातून वाफाळती धार.
सातपुडा मागे, वाळक्या गवताचा, राखाडी.
हर्षल एक बोट लावतो, ओढतो,
परत लावतो.
"चूल कुठंय?"
जमिनीच्या पोटात.
"मग जमिनीला चटका नाही बसत?"
मला कंडक्टरची परीक्षा देताना
असलं काही विचारलं नव्हतं.

कळण्याची भाकरी, लसणाची चटणी,
त्याच्यासाठी वेगळा गूळ.
निंबाच्या सावलीत सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं
आणि दोनदा डबा नुसताच उघडला, झाकला.
शेवटी सांगितलं.
सोमवारी तुझ्या शाळेत मी नसेन.
नंदुरबार गाडी, सव्वासातला सुटते.
साहेबांनी रजा एकच दिली, म्हणाले कोणती पाहिजे ती घ्या.
मी आजची घेतली.
गर्दी नको होती मला, हार-फुगे नको,
ओळीत रडणारी दुसऱ्यांची पोरं नको.

तो गूळ चोखत राहिला.
"मग कोण सोडेल?"
पप्पा.
"पप्पांना माझा वर्ग माहीत नाही."
मलाही माहीत नाही रे.
"मग बरोबर," तो म्हणाला, आणि पाण्याकडे पळाला.

तिकीट खिशातच भिजलं.
बाहेर काढलं तर लगदा, अक्षरं गायब.
तेव्हा मात्र रडला, चांगला मोठ्यानं.
आता परत जाताना काय दाखवू?
जातानाचं वेगळं असतं, म्हटलं. नाही पटलं.
शेवटी भाकरीच्या कागदाचा कोपरा फाडला,
पर्समधल्या पेनानं लिहिलं
हाफ एक,
आणि खाली सही केली, ड्यूटीवर करते तशी,
बिल्ला नंबरासकट.

परतीच्या गाडीत पुन्हा दगाभाऊ.
त्यांनी त्याला उचलून दोरी हातात दिली.
एक टण, थांब. दोन टण, चल.
अडावद ते चोपडा
तो दोनच दोन वाजवत राहिला.
एक म्हातारा उतरायचा राहून गेला, शिव्या देत
पुढच्या फाट्यावर उतरला.
तोपर्यंत हर्षल झोपला होता,
तोंड उघडं, कोपरा मुठीत,
खिडकीकडचा अर्धा सोडून
पूर्णच माझ्या अंगावर.

सोमवारी साडेदहाला
मी दोंडाईचाच्या पुढे असेन,
बाभळींच्या रिकाम्या रस्त्यावर.
सुट्टे मोजता मोजता
हात आपोआप वर जाईल दोरीकडे.
एकच टण.
ड्रायव्हर ब्रेक दाबेल, आरशात बघेल,
बाई, इथं तर स्टॉप नाही.