भरलेला उणे रिकामा

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या फाटकाशी
माझा वजनकाटा.
ट्रक येतो भरलेला, जातो रिकामा,
मी दोन्ही आकडे लिहितो, वजा करतो.
बावीस वर्षं हेच गणित.
पोरगी म्हणते, पप्पा, वादविवादातलं तुम्हाला काय कळणार,
तुमच्या काट्याला एकच पारडं.

सन्मती. अकरावी सायन्स.
परवा बाईंनी नाणं उडवलं
आणि हिच्या वाट्याला विरोधी बाजू आली:
देशानं आपल्या भुईतली ऊर्जा
आणखी उपसावी की नाही.
छापा पडला असता
तर ही तितक्याच तावातावानं ‘उपसावीच’ म्हणाली असती.
मला ते बरं वाटलं नाही. बोललो नाही.

शनिवारी माझा डबा घेऊन आली, वही घेऊन आली.
भट्टी पेटायची होती.
दस्तगीर जमादार कोकचा एकेक गोळा
वाजवून बघत होता, मडकं वाजवावं तसा.
“ह्यो समुद्रापल्याडचा. टणक.
आपला कोळसा लई राखेचा, पोरी.
पण घरची भाकरी करपती म्हणून
रोज खानावळीत जायाचं का?
मागं तिकडं कुठंतरी लढाई पेटली
आन हितं आमची भट्टी इझली.
सतरा दिवस घरात बसलो. लिही. सतरा.”

तिनं लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली,
“चाचा, पण मी विरोधात बोलणार आहे.”
“मग ह्ये त्यास्नी कळू दिऊ नगंस.”

रात्री मामाला फोन.
भरतेश, माझा मेहुणा, तिकडं वणीकडं
उघड्या खाणीत डंपर हाणतो.
म्हणाला, धूळ लिही, आटलेल्या विहिरी लिही,
सुरुंगानं भिंतींना गेलेले तडे लिही.
आणि हेपण लिही की तुझ्या आजीचे दोन्ही डोळे
ह्याच कोळशावर उघडले, मिरजेच्या दवाखान्यात.
मग जरा थांबून,
“इथं वळणावर पिंपळ होता एक.
गाव उठवलं तेव्हा तोही काढला.
मी अजून डंपर त्याला वळसा घालूनच नेतो.
साहेब ओरडतो, डिझेल जातंय म्हणून.”

मालकांनी पत्र्यावर सौर पाट्या बसवल्यात.
ऑफिसातले पंखे फिरतात त्यावर.
लोखंडाला पंधराशे अंश लागतात,
ते उन्हाला अजून जमलेलं नाही.
अजून, हा शब्द सन्मतीनं अधोरेखित केला.

स्पर्धेला मी मागच्या भिंतीशी उभा,
नखांतली काळी रेघ मुठीत धरून.
पिंपळ चांगला बोलली. टाळ्या पडल्या.
मग तिला काय झालं कोण जाणे,
शेवटच्या मिनिटात म्हणाली,
“आमच्या दस्तगीरचाचांची भट्टी सतरा दिवस बंद होती.”
घंटा वाजली.
परीक्षकांनी गुण कापले, बाजू सोडली म्हणून.

“काय मिळालं?” दस्तगीरनं विचारलं.
उत्तेजनार्थ.
“म्हंजी?”
म्हणजे पडली, पण पाठ टेकली नाही.
तो हसला, फावडं उचललं.

घरी येताना गाडीवर मागं बसून तिनं विचारलेलं,
पप्पा, खड्ड्याचं वजन करतात का हो?
पार्वती टॉकीजचा सिग्नल लागला होता.
हिरवा झाला, मी गाडी काढली.

सोमवारी कोकचा ट्रक. भरलेला: एकतीस टन चारशे.
माल उतरला, गाडी पुन्हा काट्यावर आली,
आणि ड्रायव्हर चहाला खाली उतरला.
आता भरल्या वजनात तो होता, रिकाम्यात नाही;
असा ऐंशी किलोचा माणूस
गुपचूप मालात जमा होतो, बिलावर चढतो.
जुनी चलाखी. कधी चलाखी, कधी नुसती तहान.

खिडकीतून ओरडलो,
ए बाबा, वर बस आधी,
न्हाईतर तुला कोळशात धरीन.