कृत्य माझेच समजावे

निबंधक कार्यालयामागच्या कडुलिंबाखाली
स्टॅम्पवाल्यानं मला ओळखलं.
"आजीबाई, मागच्या वेळी पुतण्या होता ना सोबत?"
पुतण्या नाही, भाचा. हेमराज.
तेव्हा पाचशेचा कागद, आजही पाचशेचाच.
देण्याचा आणि परत घेण्याचा भाव सारखा,
हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.
मेडिकलमध्ये भरती व्हायच्या आदल्या दिवशी
हेमराजनं कागद वाचून दाखवला, भरभर,
आरतीचं शेवटचं कडवं म्हणतात तसा.
भाडं वसूल करणं, पावती देणं, टॅक्स भरणं,
भाडेकरू ठेवणं, काढणं,
आणि खाली एक ओळ:
सदर मुखत्यार जे जे कृत्य करतील
ते मी स्वतः केले असे समजावे.
मी म्हटलं, हाव बाप्पा, समजेन.
अंगठा कुठं लावू ते सांग.

वकील ढोमणेबाईंनी विचारलं,
"किती खाल्ले त्यानं?"
एक रुपया नाही.
पाच तारखेला पाकीट, वरचे सुट्टे पैसेसुद्धा त्यात,
होळी झाली की कुलरला नवा वाळा.
बाईंनी पेन खाली ठेवला.
"मग रद्द काऊन करता?"

तांडापेठेतल्या माझ्या घराच्या वरच्या खोलीत
पुस्तकला राहायची. दोन पोरी, एक शिलाई मशीन.
साड्यांना फॉल लावायची.
लग्नसराई सरली तसं दोन महिन्यांचं भाडं थकलं.
मी गुडघा घेऊन भंडाऱ्याला, लेकीकडे.
मे महिन्यात हेमराजनं तिचा नळ बंद केला.
चावीच काढून नेली.
सेहेचाळीस डिग्री.
थोरली पोरगी समोरच्या घरून
बादलीनं पाणी वर न्यायची,
अर्धं जिन्यात सांडायचं.
नवव्या दिवशी त्या गेल्या.

तिनं मला फोन केला नाही.
का करेल?
हेमराज तिला म्हणाला होता, "आत्याचीच ऑर्डर आहे."
खोटं कुठं बोलला तो?
कागद काढून पाहिला मी, चष्मा पुसून.
कायद्यानं तो नळ मीच बंद केला होता,
भंडाऱ्यात, पलंगावर पडून,
लेकीनं दिलेलं ताक पिता पिता.

निबंधकाच्या टेबलावर
मशीन माझा अंगठा घेईना.
पुसून पाहिला, तेल लावून पाहिला.
चाळीस वर्षं कांड्या भरल्या,
सूत गेलं ते रेषाही घेऊन गेलं.
"मग मागच्या वेळी कसा उमटला?" कारकून म्हणाला.
मागच्या वेळी हेमराजनं धरून दाबला होता.
या वेळी ढोमणेबाई पुढं झाल्या,
मी म्हटलं, राहू द्या.
अकराव्यांदा उमटला. मागे रांग कुरकुरत होती.
खाली सहीही केली, लीलाबाई तुकाराम निमजे,
'मजे' ओळीखाली घसरलं.

नव्या कागदातही एक ओळ आहे.
ती मी थांबवून दोनदा वाचायला लावली:
आजपूर्वी केलेली कृत्ये मात्र कायम राहतील.
"ही काढता येईल का?"
"नाही आजी. ही असतेच."

पेपरात जाहीर सूचना आली, हरवलेल्या मार्कशीटच्या शेजारी.
हेमराजला रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली.
पोचपावती परत आली, तिच्यावर त्याची सही,
तीन वर्षांत पहिल्यांदा मी पाहिलेली
'करिता' नसलेली.
तो आला नाही. पाच तारखेला मी उगाच
दाराकडे बघत बसले.
कुलरचा वाळा यंदा कोण बदलेल, हेही मनात आलं,
खोटं काऊन बोलू.

इतवारीतला अस्तरवाला सांगतो,
पुस्तकला हुडकेश्वरकडे राहते आता,
कुठं ते नक्की नाही, पण फॉल त्याच्याकडूनच नेते,
बुधवारी.
बुधवारी मी त्याच्या दुकानात बसणार आहे.
तिला काय म्हणायचं
त्याचा मसुदा ढोमणेबाईंकडे नाही.
नळाची चावी हेमराजकडेच राहिली होती,
मी नवी करून घेतली आहे.
पिशवीत आहे. काढीन की नाही, सांगता येत नाही.