काच निवेपर्यंत

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
कपडे वाळत घालायच्या गॅलरीत
डांबराचं जुनं पिंप, वाळूने भरलेलं,
त्यावर आठ इंची काच
आणि तिच्याभोवती मी.

चार पावलं, वळण. चार पावलं, वळण.
घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो,
मी काढत होतो केसाच्या
हजाराव्या हिश्श्याएवढी काच.
शनीची कडी दिसतील असा आरसा करायचा होता,
तोही या आभाळाखाली,
जिथे ठाणे-बेलापूर रस्त्याचे दिवे
ढगांची पोटं रात्रभर नारिंगी ठेवतात
आणि तारे मोजायला एक हात पुरतो.

कंपनीतून आलो की बूट तसेच, डबा तसाच.
आधी ऐंशी नंबरची भुकटी, मग एकशेवीस,
मग आणखी बारीक, पिठीसारखी,
शेवटी डांबराच्या थरावर गुलाबी सेरियम.
पोळीवर माझी गुलाबी बोटं उमटायची.
तू म्हणालीस, "ही तपासून पुरावा म्हणून ठेवू का?"
मी हसलो नाही. ऐकलंच नव्हतं.

कळव्याहून रात्रपाळी संपवून तू यायचीस,
हातांना स्पिरिटचा वास.
तुला गादी गार मिळायची
आणि काच गरम.

एकदा रात्री अडीचला कसोटी लावली.
दाढीच्या पात्याच्या धारेवर
परत आलेला उजेड कापला,
तर काचेच्या मधोमध टेकाड.
तेवढं घासलं. साडेचारपर्यंत घासलं.
सकाळी पाहिलं,
तिथे खड्डा.

पुन्हा भरला, म्हणजे भोवतालचं सगळं उतरवलं.
पुन्हा टेकाड, पुन्हा खड्डा.
तीन आठवडे.

घणसोलीचे केणी मास्तर आले,
आयुष्यात तीन आरसे केलेला माणूस,
तिन्ही वाटून टाकलेला.
म्हणाले, "आंगठा टेकव. पाच मोज. आता बग."
जिथे अंगठा होता तिथे
डोंगर उठला होता.
आम्ही आळीपाळीने एकेक डोळा लावून
तो डोंगर बसताना पाहिला.
चहा झाला, दुसरा झाला, तेव्हा कुठे सपाट.
"काच बरी हाय," मास्तर चप्पल शोधत म्हणाले,
"ताप तुजा हाय."

भात निवतो, दूध निवतं,
लेकराला पाहून डोळे निवतात,
काचही निवावी लागते
हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.
तीन आठवडे मी
माझीच ऊब खरवडत होतो.

आता अर्धा तास हात, तीन तास टॉवेल.
पण ते तीन तास चावायचे.
नखं कापली. पंखे पुसले.
कापलेली नखं पुन्हा कापली.
शेवटी दिव्याच्या खाडीवर जाऊन बसलो.
ओहोटी होती. चिखलावर निवटे
पोट टेकून पडलेले, डोळे मात्र वर काढून.
मीही तसाच विसावत होतो,
पोट टेकून, डोळे वटारून.

काल तुला सुट्टी होती.
"पेशंटला एकदाची झोप लागली," तू म्हणालीस,
"की ताप बघायलासुद्धा आम्ही उठवत नाही,"
आणि दिवा घालवलास.
मी पेशंट आहे की काच, विचारणार होतो.
त्याआधीच झोपलो असेन.

खोटं कशाला बोलू,
तीनला जाग आली. गॅलरीत गेलो.
टॉवेल उचलला. अंगठा पुढे गेला,
काचेपासून दोन बोटांवर थांबला,
तिथेच थोडा वेळ राहिला.
खाली वॉचमन काठी आपटत गेला.
टॉवेल नीट घातला, चारी कोपरे,
तान्ह्याला घालतात तसे.

परत आलो तेव्हा
गादी अजून निवली नव्हती.