लिंटेलपर्यंत

बँकेतला माणूस म्हणाला, तीस टक्के.
कोबिनानं टोपी उचलली. निघालो.
तेव्हापासून आमचं घर
सेकोंडीच्या बाजारात, माझ्या धुरावरच्या मासळीतून येतं:
एका टोपलीला दोन पोती सिमेंट.
यंदा एकच.

घानात पैसा ठेवला की विरघळतो,
म्हणून आम्ही ठोकळे पाडून ठेवतो
आणि रविवारी चर्चहून येताना मोजतो.
चारशे बारा. एक फुटका.

भिंती लिंटेलशी येऊन थांबल्यात.
अराबाची फी भरली की पत्रे पुढच्या वर्षी,
हे आम्ही पाच वर्षं म्हणतोय.
चूल यायची तिथं पपई उगवलीय.
पाया धरेल, म्हणतो कोबिना,
कोयता घेऊन जातो
आणि फळं घेऊन येतो.

काल अराबा सुट्टीला आली.
नकाशा काढला तेव्हा चार वर्षांची होती.
पूर्वेच्या तिच्या खोलीत, उघड्या आभाळाखाली,
ती चालून बघत होती:
तीन पावलं. वळली.
तीन पावलं.
काही बोलली नाही.

ही भिंत पाडू, कोबिना म्हणाला,
हातभर सरकवू.

मी मनात टोपल्या मोजायला लागले.