बोली

दोन वर्षांत ब्रॅनन स्ट्रीटवरच्या त्याच दाराला
मी चार वेळा कुलूप बसवलं.
पहिले आइस्क्रीम घरपोच देणारे,
मग बाळांची नावं सुचवणारे,
तिसरे काय करायचे ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही,
आणि चौथा ट्रेव्हर लिंडक्विस्ट, वय चोवीस,
अनवाणी, खोक्यातून कोरडं सीरियल खात.
म्हणाला, गाराबेद, लोक जाहिराती बघतील
आणि बघण्याचे पैसे त्यांना आपण देऊ.
मी विचारलं, आणि तुला कोण देणार?
लहान मुलानं देवाचं घर विचारलं की हसतात,
तसा हसला.

बत्तीस कुलपं. रोख नव्हती, शेअर घेतले.
सिरान म्हणाली, कागद खाणार का?
मी पडल्या पडल्या गुणाकार करायचो.
फ्रेस्नोला द्राक्षांचा मळा घेतला होता मी, मनात,
कुंपणही घालून झालं होतं.

पडद्यावर पट्ट्या लुकलुकायच्या तेव्हा:
तुम्ही दहा लाखावे पाहुणे!
सिरानला तो मान तीनदा मिळाला.
पहिल्या वेळी ती केस विंचरून बसली होती.

मग एकेकाला टाळं लागायला लागलं.
लावणारा मीच.
बँकेचा माणूस पत्ता द्यायचा,
मी माझंच कुलूप काढून माझंच दुसरं बसवायचो,
ते पैसे मात्र रोख.
फुटपाथवर जाळीच्या खुर्च्या पालथ्या पडलेल्या,
एक सरळ करून ट्रेव्हर बसची वाट बघत होता.
पायात बूट होते. मी पहिल्यांदाच पाहिले.

शेअरचा कागद अजून आहे.
किल्ल्या कापायचं मशीन एका पायानं डुगडुगायचं,
त्याखाली घडी करून घातलाय.
आता हलत नाही.

आता लिलाव रोज असतो, रात्रंदिवस.
'कुलूपवाला' या शब्दाला बोली लागते.
कुणी एकदा दाबलं की माझे अडतीस डॉलर,
घाईत दाबो, चुकून दाबो, पोरानं दाबो;
कळ तो दाबतो, कळ मी सोसतो.
समोर चाळीस दुकानं, चाळीस नावं,
सगळ्यांचे फोन एकाच खोलीत वाजतात, कुठल्या गावी देव जाणे.
एकोणीस डॉलर सांगतात, येऊन ड्रिलनं कुलूप फोडतात,
चारशे घेतात.
त्यांच्यातल्या एकालाही किल्ली घासता येत नाही.
बोली लावता येते.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला फोन.
बाई दाराबाहेर अडकलेली. पत्ता विचारला
तर माझाच रस्ता, समोरची इमारत.
इमेल्डा क्वियाम्बाओ. एकोणीस वर्षं
तिच्या खिडकीतून माझी पाटी दिसतेय.
सपाता घालून रस्ता ओलांडला,
दोन मिनिटांत दार उघडलं.
म्हणाली, बरं झालं, तुमचं नाव सगळ्यात वर आलं.
किती झाले? मी म्हटलं, राहू द्या.
अडतीस तर गेलेच होते.
तिनं लुम्पियाच्या सहा सुरळ्या दिल्या, गार.
पुढच्या वेळी नुसती हाक मारा, म्हणालो.
तिनं मान हलवली
आणि माझा नंबर फोनमध्ये साठवून ठेवला.

घरी येऊन हिशेब उघडला.
कुणीतरी 'ताशजियान'वरही बोली लावलीय.
माझ्या बापाचं नाव,
बंदरावरच्या कारकुनाला एकेक अक्षर तीनदा सांगून
त्यानं लिहून घेतलेलं.
सहा डॉलर दहा सेंट.
सिरान झोपेतून म्हणाली, दिवा घालव.
मी सहा वीस लिहिले,
आणि शेवटची सुरळी खात बसून राहिलो,
समोरचा किती म्हणतो बघत.